मोठ्या चाकांची मोटार: मुरूम ते सातारा

शुक्रवारी दुपारी जळकोटजवळ दादांच्या मोटारीचा टायर फुटला. मोटार रस्ता सोडून चरात गेली. दादा गेले. त्यांचे ड्रायव्हर हुसेनभाई वाचले.

तार दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आली. मी वहिनींना घेऊन सोलापूरला गेलो, तिथेच सगळे उरकले आणि परत आलो. मोटार मात्र मुरूमला राहिली होती. दादा विहिरींवर बसवायची ऑइल इंजिने विकत. मराठवाडा मुंबई राज्यात आला तसे ते उस्मानाबाद जिल्ह्यात जाऊ लागले. महिन्यातले निम्मे दिवस त्यांचा मुक्काम मुरूमला असे, आणि इंजिने मल्लप्पा नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याच्या वखारीत. अपघातानंतर मल्लप्पांनीच मोटार ओढून आपल्या आवारात नेऊन ठेवली होती.

तेरावा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जा आणि मोटार घेऊन या. आणि त्या ड्रायव्हरला माझ्या वतीने एवढं विचारा, की हवा का भरली नाहीस."

सोलापूरच्या दवाखान्यात हुसेनभाई हाताला पट्टी बांधून बसले होते, तेव्हा वहिनींनी त्यांना विचारले होते, चाकातली हवा कुणी कमी केली? ते म्हणाले होते, "म्या उतरवली, बाईसाहेब." त्यापुढे वहिनींनी काही ऐकले नाही आणि ते काही बोलले नाहीत.

मुरूम, रविवार

सोलापूर सोडल्यावर हैदराबादच्या रस्त्याने एस.टी. निघाली. निजामाच्या जुन्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. एके काळी तिथे ट्रंका उघडून नवे कापडसुद्धा मोजत, असे दादा सांगत. आता त्याच्या ओट्यावर कुणीतरी गोवऱ्या लावल्या होत्या. आमच्या आळीतले म्हातारे या मुलखाला अजून मोगलाई म्हणतात. दादा निघाले की त्यांना विचारत, "काय, मोगलाईत का?" मला तिथे दिसली ती काळी जमीन. वैशाखात ती इतकी फाटते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. आमच्याकडे कुठूनही डोंगर दिसतो. इथे नजर कशाला अडत नाही, आणि ज्याच्या मनात एकच गोष्ट आहे त्याला ते मोकळेपण सोसत नाही.

शेजारच्या बाईने पदरातले भुईमुगाचे दाणे माझ्या हातावर ठेवले. "कुठं निघालासा?"

"मुरूमला. भावाची मोटार आणायला."

"भाऊ आजारी हाय व्हय?"

मी हो म्हणालो. नाही म्हटले असते तर सगळे सांगावे लागले असते.

मोडावर हमरस्ता सुटतो आणि गाडी मुरूमकडे वळते. मल्लप्पा स्टँडवर उभे होते. साठीचे, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. "बर्री, या मास्तर," म्हणाले आणि माझी पिशवी स्वतः उचलली. ते घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी, आणि हिशेबाचे आकडे उर्दूत पुटपुटतात.

हातपाय धुतल्याबरोबर ताट वाढले. ताट तीन पायांच्या लोखंडी अडणीवर होते. कडक भाकरी, शेंगांची चटणी, उसळ, दही. मी जरा अडखळलो. आमच्या घरात अजून कुणी गोडधोड केले नव्हते, मी कुणाकडे जेवायला गेलो नव्हतो. मल्लप्पांनी ते ओळखले.

"आमच्यात सुतक न्हाय, मास्तर. मेलं ते शिवाजवळ गेलं. पाठीमागच्यांनी जेवायचं. ऊटा माड्री, जेवा."

आमच्याकडे तेरा दिवस घर गप्प असते, शेजारी जपून बोलतात, मग चौदाव्या दिवसापासून सगळे एकदम पूर्वीसारखे वागू लागतात. मल्लप्पांच्या घरात दादांचे नाव जेवतानाही निघत होते. साहेबांना दही आवडायचं, साहेब इथंच बसायचे, असे त्यांची बायको वाढता वाढता सांगत होती. मी खाली मान घालून जेवलो. भाकरी खरोखर चांगली होती.

जेवण झाल्यावर मल्लप्पांनी विषय काढला. त्यांनी ट्रक घेतला होता. त्यावर चालवायला माणूस हवा होता आणि हुसेनभाईंनी विचारले होते.

"हात चांगला हाय त्याचा. पर गाव म्हणतंय, ह्यानं साहेबांना मारलं. व्यापारी म्हणत्यात, हुसेन चालवणार आसंल तर आमचा माल घालू नका. म्या त्याला सांगितलं, साहेबांचे भाऊ येतील. ते म्हणतील तसं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी काय ते बघा आन् जायच्या आधी मला सांगा. दुसरा माणूस बुधवारी येणार हाय."

मी बघतो म्हणालो. मला त्या वेळी तो माणूस डोळ्यांसमोर नको होता.

सोमवार

सकाळी निघायचे म्हणून मी तयार झालो, तर मल्लप्पा म्हणाले, आज नाही. सोमवारी ते बैलाला जू लावत नाहीत. तो बसवण्णाचा दिवस.

हुसेनभाई आवाराच्या दारात उभे होते. मला मोटार चालवता येत नाही, साताऱ्यापर्यंत तेच चालवणार होते. पट्टी सुटली होती, पण डावा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. ते म्हणाले, "अप्पा, मोटारीला बैल कुठं हाईत?"

"चाक हाय न्हवं?"

"चाक तर तुमच्या जात्यालाबी हाय. ते फिरतंयच की सकाळधरनं."

"जा रे! आला मोठा मुल्ला," मल्लप्पा म्हणाले. दोघेही हसले. मग मी उभा आहे हे बघून मल्लप्पा आत गेले.

एक दिवस रिकामा मिळाला. तो मी मोटारीपाशी घालवला.

मोटार जुनी, विलायती, छोटीशी. डाव्या बाजूचे पत्रे लोहाराने ठोकून सरळ केले होते. दादांनी तिला मुळात आलेली चाके काढून मोठी बसवली होती, लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातली. त्यामुळे ती पायात दुसऱ्याचे बूट घातलेल्या माणसासारखी दिसे. साताऱ्यात पोरे तिच्यावर हसत. पण इकडच्या गाडीवाटांना दोन्ही बाजूंना इतक्या खोल चाकोऱ्या असतात की लहान चाकांवर तिचे पोट मध्ये टेकायचे. मोठ्या चाकांनी ते थांबले. फुटलेल्या टायरच्या जागी आता पाचवे, जादा ठेवलेले चाक होते.

दारावर आतून पितळी पट्टी होती. पुढे चोवीस पौंड, मागे सव्वीस. मी विचारले, "एवढी हवा भरायची?"

"ती जुन्या चाकांची," हुसेनभाई म्हणाले. "ह्याला ती लागू न्हाय. किती भरायची ह्याचा घोळ पयल्या दिवसापासनं हाय."

घोळ असा होता. ट्रकवाले म्हणत, लष्करी टायर आहे, साठ भरा. दादा म्हणत, मोटारीचे वजन तेच राहिले आहे, टायर मात्र मोठा झाला, आत हवेला जागा जास्त आहे, तेव्हा तेच वजन कमी पौंडांवर पेलले पाहिजे. हुसेनभाईंना ते मोकळ्या गाडीपुरते पटत असे. मागची बैठक काढून तिथे इंजिन घातले की ते म्हणत, आता भरा. किती, यावर दोघांचे कधी जमले नाही. मोकळ्या गाडीवर त्यांनी टायरवर खडूची रेघ ओढून, चालवल्यावर ती कुठे पुसते ते बघून आकडा ठरवला होता. भरल्या गाडीवर खडू कधी लावलाच नव्हता, कारण इंजिन चढवले की लोक विहिरीवर वाट बघत असत.

"साहेब म्हणायचे, हुसेन, तू घाबरट. म्या म्हणायचो, साहेब, तुमी शिकलेले, म्हणून घाबरत न्हाय." ते टायरवर हात फिरवत होते. "ह्याची भिंत बगा. लई जाड, पदरावर पदर. लहान टायरात हवा कमी झाली की त्याचं पोट खाली येतंय, लांबून कळतंय. ह्यात निम्मी हवा न्हायशी झाली तरी हे उभंच. डोळ्याला काय कळत न्हाय."

मी वहिनींचा प्रश्न तिथे विचारला.

"त्या दिवशी किती होती?"

"नदीतनं यायचं व्हतं. वाळू हाय. भरल्या चाकानं वाळूत गाडी रुततीया, म्हणून हवा उतरवायची. चौदा केली व्हती."

"आणि वाळूतून बाहेर आल्यावर?"

त्यांनी वॉल्व्हची टोपी बसवली. आधीच बसलेली होती, तरी पुन्हा फिरवली. "चौदाच व्हती," म्हणाले.

"भरली का नाहीत?"

ते उठले आणि पाणी प्यायला गेले. मी त्यांना पुन्हा विचारले नाही. मला उत्तर मिळाले असे मला वाटले. रात्री अंथरुणावर मी मल्लप्पांना काय सांगायचे ते ठरवूनही टाकले.

मंगळवार

सकाळी खडू लावून बघू, असे मीच म्हणालो. खडू माझ्या कोटाच्या खिशात असतोच. हुसेनभाईंनी आधी ट्रकवाल्यांच्या मताने साठ भरली, "एकदा बगाच" म्हणून. मी चारही टायरांच्या नक्षीवर आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या आणि आम्ही चावडीपर्यंत जाऊन आलो. मोटार दगडागणिक उडत होती. एका उडीला माझा चष्मा पायाशी पडला आणि त्याची काडी मोडली. आवारात येऊन पाहिले तर रेघेचा मधला भाग पुसला होता, दोन्ही कडा तशाच. म्हणजे टायर फुगून फक्त मधल्या पट्ट्यावर चालत होता.

मल्लप्पांच्या बायकोने चष्म्याला काळा दोरा बांधून दिला. ती म्हणाली, "तुमच्या भावानं तर ह्या गाडीत आमचं दह्याचं मडकं फोडलं व्हतं."

मग हवा सोडली आणि अठरावर पुन्हा चावडी गाठली. आता मोटार मऊ चालली, पण वळणावर बाजूला झुकायची. परत येऊन बघतो तो कडा पुसल्या आणि मधली रेघ शाबूत. थोडी भरली, पुन्हा गेलो. लोक ओट्यावर येऊन बसले होते. एकाने हाक मारली, "मास्तर, शाळा भरली का हो रस्त्यावर?" शेवटी मागे बावीसला आणि पुढे त्याहून थोड्या कमीला रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली. गाडीत आम्ही दोघे, दादांची हत्यारांची पेटी आणि वळकटी, एवढ्या ओझ्याला तो आकडा होता. ओझे बदलले की पुन्हा खडू लावावा लागला असता.

निघताना मल्लप्पा दाराशी आले. मी म्हणालो, "मी पत्राने कळवतो." तोंडावर सांगायचे धैर्य झाले नाही, हुसेनभाई शेजारीच होते. मल्लप्पांनी मान हलवली. हुसेनभाईंनी मोटार सुरू केली. त्यांनी उजवा हात मांडीला पुसला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला.

मोडावर चहाचे एक छप्पर आहे. शेतातून, नदीतून येणारी वाहने तिथे थांबतात. वाळूसाठी, चिखलासाठी उतरवलेली हवा हमरस्त्याला लागण्याआधी तिथे हातपंपाने भरायची, ही तिकडची रीत. पिंपळाखाली ड्रायव्हर लोक पंप मारत असतात आणि चहावाला त्यांच्याशी बोलत असतो. आम्हाला भरायचे काही नव्हते, तरी हुसेनभाईंनी मोटार थांबवली, गेज काढला आणि चारही चाके तपासली. एकात पौंडभर कमी वाटली म्हणून पंप जोडला.

चहावाला कपात चहा ओतत म्हणाला, "आज भरू देत्यात व्हय मालक? त्या दिशी तर नळी काढाय लावली."

मी कप खाली ठेवला. "कुणी?"

"साहेबांनी. इंजिनवाल्या साहेबांनी. ह्यानं नळी लावली व्हती, चार हात मारले आसतील. साहेब खाली उतरले, टायरला पायानं ठोसा दिला, म्हणले, उभा हाय की टायर, काढ नळी, सोलापूरला भरू. ह्यो म्हणला, न्हाय साहेब, माल हाय गाडीत, ऊन हाय. साहेब म्हणले, तू चालवतोस का मी चालवू?" मग त्याने माझ्याकडे नीट बघितले. "तुमी कोन त्यांचे?"

"भाऊ."

तो कळकट फडक्याने फळी पुसू लागला.

मी हुसेनभाईंकडे गेलो. ते पंपाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू, मास्तरसाब? बाईसाहेबांनी इचारलं हवा कुणी उतरवली. म्या उतरवली. खोटं न्हाय बोललो."

"भरू कुणी दिली नाही, ते सांगायचं होतं."

"ते गेले. त्यांच्या मैताला वीस दिस न्हाय झाले आन् म्या त्यांच्या बायकोला सांगू, तुमच्या मालकानं ऐकलं न्हाय म्हणून?" त्यांनी पंप एकदा दाबला. "म्याबी ऐकायला नको व्हतं. चावी काढून घ्यायची व्हती. म्या गाडीत बसलो."

दादांना मी ओळखत होतो. उभा टायर बघून ते तसेच म्हणाले असतील. तीच जाड भिंत, आत चौदा पौंड, वर इंजिन, वैशाखाचे डांबर. आतून टायर चुरगळत, तापत गेला असेल आणि बाहेरून तो शेवटपर्यंत धड दिसला असेल.

"गाडी वळवा," मी म्हणालो.

"कशाला?"

"मल्लप्पांना सांगायला."

"नका सांगू. साहेबांचं नाव हाय ह्या भागात."

"वळवा, हुसेनभाई."

मल्लप्पा वखारीत पोती मोजून घेत होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. हुसेनभाई आत आले नाहीत. सांगून झाल्यावर मला वाटले, आता ते म्हणतील बरे झाले, ट्रक त्याला देतो. ते पोत्यावर बसले.

"इंजिन माझं व्हतं," ते म्हणाले. "नदीपलीकडच्या पानमळ्यातलं. दोन दिस बंद पडलं, वेल माना टाकायला लागले. म्या साहेबांच्या मागं लागलो. म्हणलं, आज सोलापूरला दुरुस्तीला पोचलं न्हाय तर माझा मळा गेला. ते जेवायलाबी थांबले न्हाईत."

मी समोरच्या पोत्यावर बसलो.

"गाव हुसेनला बोलत व्हतं, म्या ऐकून घेत व्हतो. बरं वाटत व्हतं ऐकायला." त्यांनी गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. "मळा गेलाच. इंजिन आलं तवर वेल वाळले."

मग ते उठून बाहेर गेले आणि हुसेनभाईंना म्हणाले, "बुधवारी येणाऱ्याला नको म्हणून सांगतो. मास्तरांना साताऱ्याला पोचव आन् ये." हुसेनभाईंनी फक्त मान हलवली. कुणाच्याच तोंडावर आनंद नव्हता.

जळकोट

दुपार कलल्यावर आम्ही पुन्हा निघालो. जळकोट यायच्या आधी हुसेनभाईंनी न सांगता मोटार थांबवली. चर, चरापलीकडे बाभळ, मातीत काचांचा चुरा. मी खाली उतरून उभा राहिलो. इथे काय करायचे असते ते मला ठाऊक नव्हते. हुसेनभाईंनी मागच्या टायरवर तळवा ठेवला आणि मला खूण केली. मीही ठेवला. कोमट होता, उन्हात ठेवलेल्या भांड्याइतका.

बाभळीखाली एक धनगर मेंढरे बसवून बसला होता. पायात नव्या वहाणा, टायर कापून केलेल्या. त्यांवर तीच नक्षी होती, जिच्यावर मी सकाळी खडूच्या रेघा ओढल्या होत्या. मी बघतो आहे असे पाहून त्याने पाय पुढे केला.

"हितंच गावला तुकडा. मिलिटरीचा माल हाय, लई दिस जाईल."

"बरं आहे," मी म्हणालो.

"एक तुकडा आजून हाय खोपीत. पायजे व्हय?"

हुसेनभाई मोटारीकडे वळले. मी नको म्हणालो. काट्यांच्या रानात त्याला वहाणा हव्याच होत्या.

पुढे नळदुर्ग आले. किल्ला डाव्या हाताला दिसत राहिला. दादा म्हणत, एकदा तुला तिथले पाण्याचे धबधबे दाखवीन. वैशाखात तिथे पाणी नव्हते, आणि आम्ही थांबलो नाही. हुसेनभाई प्रत्येक गावाबाहेर उतरून टायरांना हात लावत होते. त्यामुळे साताऱ्याला पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली.

वहिनी अंगणात आल्या. त्यांनी मोटारीकडे पाहिले, हुसेनभाईंकडे पाहिले नाही. हुसेनभाईंनी हत्यारांची पेटी ओट्यावर ठेवली, नमस्कार केला आणि पाणी न घेता स्टँडकडे गेले.

आत गेल्यावर मी वहिनींना मोडावरचे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे भाऊजी, तुमचं म्हणणं, ते आपल्या हाताने गेले."

"तसं नाही, वहिनी. त्यांना तो टायर उभा दिसला."

"त्या माणसाने तुमच्याबरोबर दोन दिवस काढले. तुम्हाला काय सांगायचं ते सांगितलं."

"त्याने नाही सांगितलं. चहावाल्याने सांगितलं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दिवा लावायला उठल्या.

मोटार त्याच महिन्यात विकली. घेणाऱ्याला मी चाकांबद्दल सगळे समजावून सांगितले, दारावरची पट्टी खरी धरू नका म्हणून सांगितले. त्याने ऐकले की नाही ते मला माहीत नाही.

वहिनी आता वाईला माहेरी राहतात. मी सणाला जातो. त्या जेवायला वाढतात, माझ्या मुलांच्या अभ्यासाचे विचारतात. दादांचे नाव आमच्यात निघत नाही. हुसेनभाई मुरूमला मल्लप्पांचा ट्रक चालवतात.